म्हणे, घरची भाषा बंद करा!

परत तेच! डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या आईला सल्ला काय, तर "घरीही शाळेचीच भाषा बोला, दोन भाषांनी तो गोंधळतो." अहो, कुणी सांगितलं? डाउन सिंड्रोम, ऑटिझम असलेल्या मुलांवर अभ्यास झालेत. दुसऱ्या भाषेमुळे बोलणं मागे पडतं असं काही त्यांत दिसलेलं नाही. पण बोलण्याची चाचणी घेणार एकाच भाषेत, शाळेच्या! परवा चित्रातला कंगवा दाखवला. पोरानं घरच्या भाषेतला शब्द बरोब्बर सांगितला, वर केसांवरून हात फिरवून दाखवला. कागदावर काय? शून्य. आणि ती माउली आता मोडक्यातोडक्या परक्या भाषेत लेकाला थोपटत बसते. अंगाई कुठली म्हणायची, तेही अहवालात लिहून द्या की!