उंदरावर विष, घराला भोकं

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आईने मोदकांचं झाकलेलं ताट उघडलं तर चार मोदक गायब आणि पाचव्याचं नाक कुरतडलेलं. आप्पा म्हणाले, "वाहनानेच खाल्ले, घरातल्या घरात राहिले." आईला हा विनोद झेपला नाही. त्याच आठवड्यात फ्रिजची वायर, कपाटातली एक पैठणी आणि बियाण्यासाठी ठेवलेलं अर्धं पोतं भात गेलं होतं.

घर गुहागर तालुक्यात. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, मध्ये लाकडी माळा. आईआप्पा दोघंच तिथे, मी ठाण्यात. त्यामुळे घरच्या प्रत्येक अडचणीवर माझा उपाय म्हणजे मोबाईलवरून काहीतरी मागवून देणे. पहिल्यांदा मागवलं ते कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने उंदीर पळवणारं यंत्र. तिसऱ्या दिवशी आईचा फोन, "अरे, तुझ्या त्या यंत्रावरच लेंड्या पडल्यायत."

मग चिकट पुठ्ठे. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण ते अजून दुकानात सर्रास मिळतात. आमच्या पुठ्ठ्यावर पहिल्या रात्री एक पाल, दुसऱ्या रात्री सापसुरळी आणि तिसऱ्या रात्री चिचुंद्री चिकटली. चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हेच, ती झुरळं-किडे खाते, उलट आपलंच काम करते. चौथ्या रात्री उंदीर सापडला, पण तो मरत नाही हो. पहाटेपर्यंत ओरडत राहतो. आई रात्रभर जागी. सकाळी आप्पांनी काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तो पुठ्ठा परत घरात आला नाही.

त्यानंतर विषाच्या वड्या, आणि इथे चूक पूर्णपणे माझी आहे. या वड्यांमध्ये बहुतेक वेळा ब्रोमॅडिओलोन असतं. त्याने रक्त गोठायचं थांबतं, आणि उंदीर लगेच न मरता चार-सहा दिवसांनी मरतो. मेला की नेमका भिंतीच्या पोकळीत नाहीतर माळ्याच्या फळ्यांखाली, जिथे हात जात नाही. आठवडाभर ओटीवर बसता येत नव्हतं. पण वास एक वेळ जातो. त्या चार-सहा दिवसांत उंदीर सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाला आयताच मिळतो. आमच्या गोठ्याच्या वळचणीला एक गव्हाणी घुबड होतं, पत्त्यातल्या बदामासारख्या पांढऱ्या तोंडाचं. ते वड्या ठेवल्यानंतर दहाव्या दिवशी खाली मरून पडलेलं मिळालं. विषानेच गेलं हे मी सिद्ध करू शकत नाही. पण फुकटात रात्रपाळी करणारा एक गडी आम्ही गमावला, आणि उंदीर मात्र महिन्याभरात परत हजर. का नसणार? मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं तीनेक महिन्यांत स्वतः प्रजेला लागतात.

त्यात आदल्या वर्षी वाडीतल्या पोरांनी मोठा पराक्रम म्हणून एक धामण मारली होती. बिनविषारी, उंदरांवर जगणारी, वन्यजीव कायद्याने संरक्षण असलेली. म्हणे ती म्हशीचं दूध पिते. साप दूध पीत नाही हे किती पिढ्यांना सांगायचं?

तालुक्याच्या गावातला पेस्ट कंट्रोलवालाही बोलावून झाला. वर्षाचा करार, दर तीन महिन्यांनी फेरी. प्रत्येक फेरीत नव्या वड्या. घराला कुठे भोक आहे हे त्याने एकदाही पाहिलं नाही. उंदीर यायचे थांबले तर पुढच्या फेरीचे पैसे कोण देणार? २०१८ मध्ये विधानसभेत एकनाथ खडसे यांनी मंत्रालयात सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारल्याचा कागदोपत्री हिशोब वाचून दाखवला, तेव्हा अख्खा महाराष्ट्र हसला. मीही हसलो. पण आपण घरी तरी दुसरं काय करतो? मेलेले मोजतो.

शेवटी अक्कल दिली ती शेजारच्या तात्यांनी. सुपारी कातरत म्हणाले, "घर उघडं टाकून उंदीर कसले मारतोस? आधी भोकं बुज." एका सुट्टीत मी, आप्पा आणि तात्या बॅटरी घेऊन घराभोवती फिरलो. हिशोब साधा आहे: अंगठा जाईल तिथून उंदीर जातो, करंगळी जाईल तिथून लहान पिल्लू. एकोणीस भोकं निघाली. फणसाची एक फांदी सरळ कौलांवर टेकलेली, म्हणजे त्यांना पूलच बांधून दिलेला. ती तोडली. माडांना पत्रा गुंडाळला. भात पोत्यांतून पत्र्याच्या पिंपात गेलं. भिंतीतली भोकं तात्यांच्या पद्धतीने काचेचा चुरा कालवलेल्या सिमेंटने भरली आणि वळचणीला पाव इंची लोखंडी जाळी ठोकली. फवारून फुगणारा तो पिवळा फोम मीच नेला होता. उंदरांनी तो दोन रात्रींत पोखरला, म्हणून त्याचा उल्लेख फक्त तुमचे पैसे वाचावेत म्हणून.

घोळ झाला तो माळ्यावर. तिकडून रात्री आंबेमोहोराचा भात शिजल्यासारखा वास यायचा. आईला वाटे शेजारी. निघालं कांडेचोर, म्हणजे उदमांजर, तीन पिल्लांसकट. कोणी म्हणे मिरचीची धुरी द्या, कोणी म्हणे भोक आत्ताच बंद करा. आत्ता बंद केलं असतं तर मादी बाहेर, पिल्लं आत, आणि कौलं फोडून ती परत आली असती. वनखात्याच्या १९२६ वर फोन केला. आलेले वनरक्षक शहाणे होते. म्हणाले, पकडून दुसरीकडे सोडू नका, पिल्लं हिंडायला लागली की स्वतःच जातील. आप्पांनी थोडी घाई म्हणून माळ्यावर ट्रान्झिस्टर लावून ठेवला. दीड महिना रत्नागिरी आकाशवाणी ऐकून कुटुंब हललं. मग वाटेच्या भोकात वर्तमानपत्राचा बोळा खोचला. तीन रात्री तो जागचा हलला नाही, तेव्हाच जाळी मारली. खरं सांगायचं तर ते होतं तोवर माळ्यावर उंदीर नव्हते. पण त्याची घाण छतातून माजघरात झिरपायला लागली होती, आणि भूतदयेलाही मर्यादा असते.

मी उंदरांचा कैवारी नाही हे स्पष्ट असू दे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाने, किती घरं हादरली ते मी पाहिलंय, आणि तो जंतू उंदराच्या मुतातूनच पाण्यात येतो. म्हणून माळा साफ करताना कोरडा झाडू फिरवला नाही. ब्लीचिंगचं पाणी मारून, हातमोजे आणि गमबूट घालूनच लेंड्या उचलल्या. आत राहिलेल्या पाच उंदरांसाठी जुना लाकडी पिंजराच वापरला. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले चार दिवस दार बांधून ठेवून नुसता भाजलेला बोंबील खाऊ दिला. पाचव्या रात्रीपासून एकेक येत गेला.

यंदा मोदक एकवीसच्या एकवीस निघाले. मोरीच्या पाइपाभोवतीचं एक भोक अजून राहिलंय. गवंडी म्हणाला, गणपतीनंतर येतो. कुठल्या गणपतीनंतर, ते विचारायचं राहिलं.