एका ताऱ्याच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

भाऊ, नमस्कार. ऐन पेरणीत तुमच्या कृषी केंद्राची 38 बिलं आमच्या बिलिंग प्रोग्राममधून गेली, त्याबद्दल माफी मागतो. कपाशीच्या पाकिटांसाठी दुकानात रांग असताना काय हाल होतात, ते मला सांगायला नको. आमचंही घर शेतीवरच चालतं.

पण तुम्ही लिहिलं, "सर्व्हर नाही, काही नाही, फुकटची एक फाईल देऊन पैसे उकळले." ते वाचून रातभर डोळा लागला नाही. त्या फाईलीचं नाव एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी 2000 साली काढलेला हा डेटाबेस, म्हणजे नोंदी साठवायची सोय, तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनातही आहे. फुकट आहे, खरं आहे. पैसे मी बिलिंगच्या कामाचे घेतले. सर्व्हर मुद्दामच लावला नाही. हा डेटाबेस प्रोग्रामच्या पोटातच चालतो, वेगळं काही सुरू करा, सांभाळा, ही भानगड नाही. गेल्या पावसाळ्यात लाईन इतक्यांदा गेली, एक तरी बिल हललं का?

आत्ता गेली ती कॉपी करताना. तुमच्या पुतण्याने प्रोग्राम चालू असतानाच मुख्य फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि नावाच्या शेवटी 'वॅल' असलेली तिची जोडीदार तिथेच राहिली. ताजी बिलं आधी त्या जोडीदार फाईलीत उतरतात. साधारण 1000 पानं (बिलाची नव्हेत, डेटाबेस फाईलीचे छोटे तुकडे) साचली, किंवा प्रोग्राम नीट बंद केला, की मुख्य फाईलीत जातात. "आधी बंद करा, मग कॉपी," असं मी फोनवर दोनदा सांगितलं होतं. त्यात जुना कॉम्प्युटर त्याच संध्याकाळी फॉरमॅट! एक दिवस थांबले असते तर सगळं काढून दिलं असतं.

पोराला बोल लावत नाही. चूक आमचीही आहे. आमच्या चाचण्या मेमरीतल्या डेटाबेसवर चालायच्या. त्या झटपट होतात, पण तिथं फाईलच नसते, मग वॅलचा घोळ दिसणार कसा? आता खऱ्या फाईलीवर चालवतो. बॅकअपचं बटनही टाकतोच आहे, हंगाम ओसरू द्या.

आणि "दोन दिवस फिरकला नाही" म्हणता. भाऊ, तिसऱ्या दिवशी रात्री दीड वाजेपर्यंत कार्बनच्या बिलबुकावरून ती 38 बिलं तुमच्याच गल्ल्यावर बसून मीच चढवली. वहिनींनी दोनदा चहा दिला, तो विसरलो नाही. तेवढं एक वाक्य रिव्ह्यूत असतं तर बरं वाटलं असतं.