डोळा मारणारा मावळा

माझ्या फौजेत साठ मावळे आहेत. त्यातला एक रंगवून झालाय. बाकीचे एकोणसाठ तीन वर्षं मिठाईच्या खोक्यात करड्या रेझिनमध्येच उभे. कपाट उघडलं की सगळे एकदम माझ्याकडं बघतात. म्हणजे बघितलं असतं. डोळे कुठं काढलेत अजून?

टेबलावर पावनखिंडीची लढाई खेळायची, हा बेत उद्यमनगरातल्या मित्राबरोबर मिसळ खाता खाता ठरला. त्याच्याकडं थ्रीडी प्रिंटर. आठवड्यात त्यानं साठ मावळे काढून दिले, २८ मिलिमीटरचे, अंगठ्याच्या पेराएवढे. "भावा, रंगवायचं तेवढं तुझ्याकडं," म्हणाला. तेवढं!

आधी प्रायमरचा, म्हणजे अस्तराच्या रंगाचा, स्प्रे, मग रंग पातळ करून दोन हात, मग कपड्यांच्या चुण्यांत काळसर पाणी सोडायचं, मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंचवटे उजळायचे. पहिल्या मावळ्याला हे सगळं प्रेमानं केलं. शेवटी डोळे. तीन शून्यांचा, अगदी बारीक ब्रश, श्वास रोखलेला. डावा झकास जमला. उजव्याला टोक टेकवणार तोच आई स्वयंपाकघरातनं ओरडली, "आरं, किती शिट्ट्या झाल्या रं?" भुवईपासून मिशीपर्यंत रेघ! पुसून तिथं कातडीचा रंग दिला. तेव्हापासून तो डोळा मारतोय.

दहा-दहाच्या तुकड्या करून रंगवा, हुरूप टिकतो, असं जाणकार सांगतात. माझा हुरूप तुकडी मांडेपर्यंत टिकतो. बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, आणि मला प्रायमरच्या डबीचं झाकण उघडायला मुहूर्त लागतो. शिवाय पावसाळा. दमट हवेत स्प्रे खरबरीत बसतो, हे मात्र खरं आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचलं की मी ब्रश धुऊन ठेवतो. ते उतरलं तरी ब्रश काही बाहेर येत नाही.

मावळे जमेनात म्हणून मध्येच पन्हाळा करायला घेतला. थर्माकोल कापून तट, बुरूज, तीन दरवाजा. चार रविवार गेले. मग ऊन बघून गच्चीवर नेला आणि काळा स्प्रे मारला. स्प्रेतलं द्रावण थर्माकोल खातं, हे मला तिथंच कळलं. बुरूज माझ्या डोळ्यांदेखत फसफसून आत बसले. १६६० साली सिद्दी जौहर इंग्रजांच्या तोफा लावून चार महिने वेढा घालून बसला होता. त्याला कुणीतरी ही डबी द्यायला हवी होती.

दिवाळीत पुतण्यानं अंगणात किल्ला केला. विटा, पोतं, चिखल, वर हळीव. दोन दिवसांत गड उभा. "काका, तुझे मावळे दे की." दिले. न देऊन काय करणार होतो?

दुसऱ्या दिवशी बघतो तर एकोणसाठच्या एकोणसाठ रंगलेले! प्रायमर नाही, काही नाही. अंगरख्यांना दाराचा उरलेला हिरवा ऑइलपेंट, पगड्यांना गेरू.

"आणि डोळे?"

"आगपेटीच्या काडीनं टिपके दिले."

एकशे अठरा डोळे. एका दुपारात.

"आणि ह्यो एक तुझा डोळा मारत होता न्हवं? त्याला पण उजवा काढून दिलाय."

तो आता माचीवर हळिवात गुडघाभर उभा आहे, आणि माझ्याकडं डोळे वटारून बघतो.