अॅडिटिव्ह हे फॅड नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं: इंजिन ऑइलमधली अॅडिटिव्ह, म्हणजे तेलात मिसळलेली खास रसायनं, हे किंमत वाढवायचं निमित्त, तेल जाड असलं की झीज होत नाही, आणि अॅडिटिव्ह खरंच गुणी असतील तर वरून वेगळी बाटली ओतायला मी मना का करतो?

जाड तेलाबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या हालचालीवर फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, वेगात फिरत असताना ती बेअरिंगमध्ये तेलावरच तरंगते, तिथे दाटपणा कामाला येतो. पण व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचं टोक त्याच्याखालच्या टॅपेटवर घासतं ती जागा बघा. स्पर्श अगदी चिंचोळा, दाब प्रचंड. इंजिन आयडलवर असताना तिथलं तेल पिळून बाहेर जातं आणि धातूचे बारीक उंचवटे एकमेकांना भिडतात. तिथे झेडडीडीपी नावाचं जस्त, फॉस्फरस आणि गंधकाचं संयुग उपयोगी पडतं. घर्षण आणि उष्णतेने ते फुटतं आणि नेमक्या घासणाऱ्या जागी काचेसारखा फॉस्फेटचा थर धरतो, जाडी जेमतेम 100 नॅनोमीटरच्या आसपास. लोखंडाऐवजी हा थर झिजतो आणि तेलात साठा असेपर्यंत पुन्हा धरत राहतो. हे मला फार सुंदर वाटतं. आणि फॅड म्हणाल, तर 1940च्या दशकात हे संयुग तेलात आलं ते ऑक्सिडेशन आणि बेअरिंगचं गंजणं रोखायला. झीज थांबवण्याचा गुण नंतर लक्षात आला.

मग बाटली का नको? कारण धातूचा पृष्ठभाग एकच. डिटर्जंट (इंजिन साफ ठेवणारं द्रव्य), घर्षण कमी करणारी द्रव्यं, झेडडीडीपी, सगळ्यांना तिथेच चिकटायचं असतं. कारखान्यात जुळवलेलं प्रमाण बाटलीने बिघडतं. शिवाय जळलेल्या तेलातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारं उपकरण, निकामी करतो, म्हणूनच पेट्रोल गाड्यांच्या पातळ तेलांत त्याला 0.08 टक्क्यांची मर्यादा आहे.

तुम्ही लिहिलंय की बाटली ओतल्यावर मोटरसायकल स्मूद झाली, पण घाटात क्लच घसरतो. बहुतेक बाइकमध्ये क्लचप्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात आणि त्यांना घर्षण हवंच असतं. जासो या जपानी मानकातले एमए, एमए2 हे तेलाचे दर्जे त्यासाठीच आहेत. माझा संशय त्या बाटलीवरच आहे. आधी क्लच केबलचा प्ले (सैलपणा) तपासा. मग तेल काढून, फिल्टर बदलून, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं एमए2 भरा. तरीही घसरला तर प्लेटा उघडून बघाव्या लागतील. काय झालं ते इथे जरूर कळवा.