रेनकोट घालून पळाल्याने चरबी जात नाही, जीव जाऊ शकतो

‘व्यायाम सुटलेल्यांसाठी 21 दिवसांत 10 किलो’ या नावाचा मेसेज गेले काही दिवस सगळीकडे फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आला तेव्हा मी न वाचताच पुढे गेले. पण दादाने तो वाचला आणि मनावर घेतला. दादा कॉलेजात कबड्डी खेळायचा. नोकरी लागली, खेळ सुटला, पोट सुटलं, आता बीपीची गोळी चालू आहे. वहिनीचा फोन आला की हा पोटाला प्लास्टिक गुंडाळून, वर पावसाळी जाकीट चढवून टेकडीवर पळायला गेलाय आणि पाण्याची बाटली मुद्दाम घरी ठेवून गेलाय. म्हणून हे लिहितेय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: घाम म्हणजे वितळलेली चरबी. म्हणून प्लास्टिक गुंडाळा, तासभर पळा, मध्ये पाणी पिऊ नका, रोज अर्धा किलो उतरेल. पहिल्याच दिवशी 200 बैठका मारा, अंग दुखलं तरी थांबू नका. सकाळी मध-लिंबूपाणी घ्या. रात्री आठच्या आत जेवा. व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते, ती अशीच जाते. आणि शेवटी पुरावा म्हणून: ‘पैलवान हेच करतात.’

घामापासूनच सुरुवात करते, कारण खरा धोका तिथे आहे. घाम म्हणजे पाणी आणि थोडं मीठ. त्यात चरबी नसते. एक लीटर घाम गेला की काटा एक किलो खाली दाखवतो आणि एक लीटर पाणी प्यायलं की तो परत वर येतो. एक किलो चरबी जाळायला साधारण 7,700 कॅलरी खर्च व्हाव्या लागतात. म्हणजे रोज अर्धा किलो चरबी घालवायची तर दिवसाला 3,850 कॅलरींची तूट हवी. दादाच्या वजनाचा माणूस तासभर झपाझप चालला तर तीनशे-साडेतीनशे कॅलरी जातात. बाकीच्या कुठून आणणार?

आता प्लास्टिक. घाम नुसता येऊन अंग गार होत नाही, तो वाळला पाहिजे. प्लास्टिकच्या आत तो वाळतच नाही. शरीर तापत राहतं, आणखी घाम सोडतं, रक्तातलं पाणी कमी होतं, हृदयावर ताण वाढतो. त्यात बीपीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध असतं. ती गोळी घेऊन, वरून पाणी बंद करून पळायला सांगणाऱ्याने वाचणाऱ्याला कोणता आजार आहे याचा विचारही केलेला नाही.

‘पैलवान हेच करतात’ हे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. करतात. पण त्याचं काय झालं तेही सांगा. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन इथले कॉलेजचे तीन कुस्तीगीर साधारण महिन्याभरात मेले. तिघेही 19 ते 22 वर्षांचे, रोज सराव करणारे. वजनगटात बसण्यासाठी हवा न जाणारे सूट घालून, गरम जागेत, पाणी तोडून ते व्यायाम करत होते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने फेब्रुवारी 1998 मध्ये आपल्या साप्ताहिक अहवालात तिन्ही मृत्यूंची नोंद छापली आहे. मिशिगनचा मुलगा ज्या खोलीत व्यायाम करत होता तिचं तापमान साधारण 33 अंश होतं. 33 अंश! पुण्यात मार्चमध्ये दुपारी याहून जास्त असतं. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत असे सूट वापरायला बंदी आली.

आणि आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. विनेश फोगाट पॅरिसला पहिल्या दिवशी 50 किलोच्या गटात बसली, तीन कुस्त्या जिंकली. दिवसभरातल्या खाण्यापिण्याने वजन परत चढलं. रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले, तरी 7 ऑगस्ट 2024 च्या सकाळी 100 ग्रॅम जास्त भरले आणि ती अपात्र ठरली. घामाने उतरवलेलं वजन किती टिकतं, ते यावरून दिसतं. पैलवानाला ते काही तासांपुरतं, काट्यावर उभं राहण्यापुरतंच हवं असतं. दादाला कुठल्या गटात बसायचंय?

200 बैठकांचा सल्लाही तितकाच वाईट. बरीच वर्षं बसून राहिलेल्या माणसाने अचानक इतका भार घेतला तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातली प्रथिनं रक्तात उतरू शकतात आणि मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. एक-दोन दिवसांनी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, मांड्या सुजून दगड झाल्या, तर बाम चोळत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. पुन्हा सुरू करताना थोडं अंग दुखतंच, पण जिना उतरता येईना इतकं दुखलं तर जास्त झालं हे समजा.

बाकीचं पटकन. स्नायूंची चरबी होत नाही, दोन्ही पेशी वेगळ्या. व्यायाम सुटला की स्नायू बारीक होतात आणि जेवण तेवढंच राहिलं की चरबी वाढते, एवढंच. उलट पूर्वी खेळलेल्या माणसाची ताकद नवख्यापेक्षा लवकर परत येते, हे दादाला कोणी सांगत नाही. मध-लिंबूपाणी आवडत असेल तर प्या, पण मोठा चमचाभर मधात साठेक कॅलरी असतात आणि तो काही जाळत नाही. आठच्या आत जेवणाचं बरं आहे, त्याने रात्रीचं फरसाण तरी सुटतं. आणि हो, पहिल्या आठवड्यात काटा खाली येतो हेही खरं. खाणं कमी केल्यावर शरीरातली साठवलेली साखर आणि तिच्यासोबतचं पाणी आधी जातं. पुढच्या आठवड्यात तो वेग राहत नाही, आणि तिथेच लोक सोडून देतात.

दादाला मी जे सांगितलं ते इथेही लिहिते. सुती कपडे, पाण्याची बाटली सोबत, आधी फक्त चालणं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. तिथपर्यंत पोचायला महिना-दोन महिने लागले तरी चालेल. बैठका खुर्चीचा आधार घेऊन, दहापासून. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी उत्तम. छातीत दडपण आलं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं. आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवायचं, वजन उतरू लागलं की पुन्हा, कारण तेव्हा बीपीची गोळी कमी करावी लागू शकते. ती आपल्या मनाने बंद करायची नाही.