गाणं पुढे ढकलू नका रे

आज डोकंच फिरलं माझं. दुपारी भाचा सोफ्यावर पडून मोबाईलवर 'बॉर्डर' पाहून राहिला होता. चौदा वर्षांचा आहे, मला बरं वाटलं, म्हटलं चला रील्स सोडून काहीतरी अख्खं पाहतोय. बाजूला जाऊन बसलो. 'संदेसे आते हैं' सुरू झालं अन् यानं अंगठा मारायला सुरुवात केली, टक टक टक, दहा-दहा सेकंद पुढे, थेट टँक येईपर्यंत. म्हटलं काऊन बे, गाणं काऊन काढतो? तर म्हणे, "मामा, यात काही होतच नाही."

काही होतच नाही!

ठीक आहे, गाणं दहा मिनिटांचं आहे, लांब आहे, मान्य. पण माझ्यासमोर मोठी आई उभी राहिली.

१९९७. 'बॉर्डर' लागला होता, सगळं नागपूर पाहून राहिलं होतं, आम्ही पोरं हट्टानं मोठ्या आईला कामठीहून घेऊन आलो. मोठे बाबा आले नाहीत, "तुम्ही जा" एवढंच बोलले. ते ७१ साली फौजेत होते, पूर्वेकडे, बांगलादेशच्या बाजूला. थेटरात टँक उडाला की शिट्ट्या, मीही मारल्या, खोटं कशाला बोलू. सकाळी हंटर विमानं येतात तेव्हा तर लोक खुर्च्यांवर चढले होते. मोठी आई गप्प. शेवटी 'मेरे दुश्मन मेरे भाई' लागलं तशी पब्लिक उठली, दारं उघडली, उजेड आत आला, स्टँडवर गर्दी व्हायच्या आत स्कूटर काढायची म्हणून आम्हीही उठलो. ती नाही उठली. "हे होऊन जाऊ दे," म्हणाली. रिकाम्या रांगेत पदराचं टोक मुठीत धरून बसलेली.

तुम्हाला सगळ्यांना लोंगेवाला माहीत आहे, राजस्थानच्या सरहद्दीवरची चौकी, जिच्या लढाईवर 'बॉर्डर' आहे, ७१ च्या ४ डिसेंबरची रात्र, मेजर चांदपुरी, १२० च्या आसपास जवान, समोर ४० च्या वर टँक. पराक्रम आहेच, त्याला कोण नाही म्हणतं. पण प्रत्यक्षात आपले दोन जवान तिथे गेले अन् पडद्यावर एकामागोमाग एक पडतात. त्याच लढाईत लढलेल्या बीएसएफच्या भैरोसिंह राठोडांना तर शहीद दाखवलं, तो माणूस २०२२ पर्यंत जिवंत होता! जिवंत माणूस मेलेला दाखवावा लागतो, म्हणजे आम्हाला रडू येण्यासाठी मरणच लागतं, नुसती वाट पाहणं पुरत नाही. अन् त्याच पिक्चरमध्ये सरहद्दीवरचं घर पेटलेलं असताना मेजर आत धावतो, गावकऱ्याचं कुराण काढून आणतो, तो सीन कोणाला आठवतो? डायलॉग मात्र सगळ्यांना पाठ. अन् पोरांचं सोडा, ग्रुपवर "एकदाचं होऊनच जाऊ दे युद्ध" लिहिणारे आपल्याच वयाचे आहेत, पन्नाशीला आलेले, होम लोनवाले, ज्यांच्या घरून कोणी कधी गेलं नाही. त्यांचा मला जास्त राग येतो.

मोठ्या आईनं त्या दिवशी घरी आल्यावर पत्राची गोष्ट सांगितली. तोवर कधीच सांगितली नव्हती. ७१ च्या डिसेंबरात, युद्ध संपल्यावर तीन-चार दिवसांनी मोठ्या बाबांचं पत्र आलं. शेजारपाजारच्या बाया धावत आल्या, आलं गं बाई पत्र, सुटलीस. तिनं आधी वरची तारीख पाहिली. २ डिसेंबर. युद्ध सुरू झालं ३ ला. म्हणजे लिहिणारा माणूस आहे की नाही हे त्या पत्रातून कळणारच नव्हतं. आत काय, तर शेगडीचा कोळसा भरून ठेव अन् संत्री जास्त खाऊ नको, तुला सर्दी होते. बाया पेढे मागत होत्या अन् ही तारखेकडे पाहत होती. मोठे बाबा जानेवारीच्या शेवटी आले, काळी ट्रंक घेऊन.

'हकीकत' पाहा ना, १९६४ चा. लढाई आहेच, पण 'होके मजबूर मुझे' मध्ये लडाखच्या थंडीत एकेक जवान घर आठवतो, तिथेच तो पिक्चर खरा होतो. रशियाचा 'बॅलड ऑफ अ सोल्जर' आहे, त्यातला पोरगा टँक उडवतो अन् मेडलऐवजी घरी जायला रजा मागतो, आईचं छप्पर दुरुस्त करायचंय म्हणून. जपानचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' तर कार्टून म्हणून लावू नका घरी, कोबे शहरावर बॉम्ब पडतात अन् मागे राहतात एक भाऊ, चार वर्षांची बहीण अन् खायच्या गोड गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा. बस. मी तो दुसऱ्यांदा पाहू शकलो नाही.

लढाईचे सीन नकोत असं नाही म्हणत मी. ते नसते तर मीही थेटरात गेलो नसतो.

आता लिहिता लिहिता राग उतरला थोडा. भाच्यावर ओरडलो त्याचं वाईट वाटतंय, त्याला कोण सांगणार होतं, मोठी आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. रात्री जेवताना त्याला पत्राची गोष्ट सांगितली. हातातला घास तसाच. मग म्हणे, "मामा, युद्ध तर १६ ला संपलं ना, मग जानेवारीपर्यंत मोठ्या आजीला माहीतच नव्हतं?"

नव्हतं बेटा.

उद्या रविवार आहे, मोठ्या टीव्हीवर लावून राहिलो, गाण्यांसकट, शेवटच्या गाण्यापर्यंत कोणी उठायचं नाही. कामठी रोडवरचे कोणी असाल तर या, चहा आहे.