केशराच्या रीलमध्ये फुलानंतरचे सहा महिने का नसतात?

व्हॉट्सअॅपवर आणि रीलमध्ये फिरणारा मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो: १० बाय १० फुटांची खोली पुरे. माती नको, पाणी नको. हायड्रोपोनिक तंत्राने ३ महिन्यांत १ किलो केशर, बाजारभाव किलोला ५ लाख. कंद एकदाच घ्यायचे, पुढे ते दरवर्षी आपोआप दुप्पट होतात. रोज अर्धा तास दिला की झालं. सोबत जांभळ्या दिव्यांखाली ट्रेमध्ये दाटीने उभे असलेले कंद, त्यातून वर आलेली जांभळी फुलं आणि शेवटी प्रशिक्षणाचा फोन नंबर.

फुलं खरी असतात, हे आधी मान्य करू. बंद खोलीत, मातीविना केशराला फुलं येतात. काश्मीरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाने ही पद्धत तिथल्या शेतकऱ्यांना शिकवली आहे आणि पांपोरमध्ये ती चालतेही. महाराष्ट्रातही खोलीत फुलं काढणारे आहेत. त्यामुळे "हे सगळं थोतांड आहे" म्हणून मोडीत काढण्यात अर्थ नाही. फसवणूक त्या फुलांचा जो अर्थ सांगितला जातो त्यात आहे.

"माती नको, पाणी नको." टोपलीत राहिलेल्या कांद्याला आपोआप कोंब फुटतो, म्हणून कोणी टोपलीत कांद्याची शेती केली असं म्हणत नाही. केशराच्या कंदाचं तेच आहे. फुलाला लागणारं सगळं अन्न कंदात आधीच साठवलेलं असतं. ते साठवलं गेलं मागच्या हिवाळ्यात, बहुधा काश्मीरमधल्या एखाद्या करेव्याच्या (उंचावरच्या सपाट पठाराच्या) चिकण मातीत, हिरव्या पानांनी आणि थंडीतल्या उन्हाने. तुमच्या खोलीत तो साठा खर्च होतो, भर काहीच पडत नाही. कंदाला किती फुलं येणार हेही त्याच्या वजनावर ठरतं. साधारण ८ ग्रॅमच्या खालचा कंद सहसा फुलतच नाही, १५-२० ग्रॅमच्या पुढचा दोन-तीन, कधी चार फुलं देतो. म्हणजे फुलांची संख्या तुमच्या कौशल्याच्या आधी कंद विकणाऱ्याच्या तराजूवर ठरलेली असते.

"हायड्रोपोनिक तंत्र." म्हणजे मातीऐवजी पाण्यात विरघळवलेल्या अन्नावर झाड वाढवणं. पण फुलोऱ्याच्या काळात ट्रेमधल्या त्या कंदांना धड मुळंही नसतात. मुळं नाहीत तर पोषणद्रावण शोषणार कोण? तरीही 'संपूर्ण सेटअप'च्या नावाखाली पंप, पाइप, ईसी मीटर (द्रावणातले क्षार मोजणारा), पीएच मीटर आणि 'फुलोरा बूस्टर'च्या बाटल्या गळ्यात मारल्या जातात. फुलोऱ्यात १२ तास उजेड, १२ तास अंधार ठेवा, नत्र कमी करा, स्फुरद-पालाश वाढवा, असं वेळापत्रकही दिलं जातं. हे वेळापत्रक ओळखीचं वाटतं, कारण परदेशात जिथे परवानगी आहे तिथे घरात गांजाची झाडं वाढवणारे लोक सर्रास हेच पाळतात. त्या झाडाला त्याचा उपयोग असतो. भांगेचं झाड, तसंच आपली शेवंती, ही रात्रीची लांबी ओळखून फुलणारी झाडं आहेत. पॉलिहाऊसमधले शेवंतीवाले काळं कापड ओढून रात्र लांबवतात ती त्यासाठीच.

केशराला रात्रीची लांबी मोजायची गरज पडत नाही. त्याचं फूल तापमान ठरवतं, आणि तेही दोन टप्प्यांत. उन्हाळ्यात कंद झोपलेला दिसतो, पानं वाळलेली, मुळं नाहीत. त्याच वेळी आत कळी तयार होत असते, आणि त्यासाठी त्याला २३ ते २७ अंश सेल्सिअस तापमान सलग दोनेक महिने तरी लागतं. त्यानंतर तापमान १७ अंशांच्या आसपास आणलं की कळी बाहेर पडते. पहिल्या टप्प्यात तापमान ३० च्या वर राहिलं तर कळ्या कमी धरतात. तो टप्पा टाळून कंद थेट शीतगृहात ठेवला तर फूलच येत नाही. हे सगळं अंधारातही घडतं. जांभळे दिवे कॅमेऱ्यासाठी छान दिसतात, एवढंच.

आता यातून निघणारी गोष्ट पाहा, कारण अनेकांच्या खिशाला कात्री लागते ती इथे. तुम्ही ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात बेणं विकत घेता, तेव्हा कळी आत तयार झालेली असते. ते काम काश्मीरच्या उन्हाळ्याने फुकट करून दिलेलं असतं. तुम्ही फक्त एसी लावता, ह्युमिडिफायर लावता आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलं येतात. पहिल्या वर्षी बहुतेकांना यश मिळतंच. मग तेच लोक दुसऱ्या खोलीसाठी कर्ज काढतात आणि स्वतःचाच व्हिडिओ टाकतात. दुसऱ्या वर्षी मात्र मे ते ऑगस्ट हे काम तुमच्यावर येतं. नागपूरच्या किंवा जळगावच्या मे महिन्यात खोली २५ अंशांवर ठेवायची म्हणजे एसी रात्रंदिवस. दीड टनी एसीचा कॉम्प्रेसर पूर्ण जोरात चालला तर तासाला साधारण दीड युनिट जातं. बाकीचा हिशोब आपापल्या वीजबिलावरचा दर पाहून करावा, आणि भारनियमन असलेल्या गावात इन्व्हर्टरचाही धरावा. फुलोऱ्याच्या वेळी तर आणखी एक कटकट असते. कंदांना ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते आणि एसी तीच खोलीतून खेचून बाहेर टाकतो. एक यंत्र ओलावा घालतं, दुसरं काढतं, आणि हवा नीट खेळली नाही तर कंदांवर बुरशी चढते. फ्युजेरियम नावाच्या बुरशीची कूज एका ट्रेमध्ये शिरली की शेजारच्या ट्रेकडे जायला तिला फार दिवस लागत नाहीत.

"१० बाय १० मध्ये १ किलो." हा दावा खोडायला शेतीचं ज्ञान लागत नाही, गुणाकार पुरतो. एका फुलात तीन लाल काड्या. वाळल्यावर त्यांचं वजन ६-७ मिलिग्रॅम. म्हणजे १ ग्रॅम केशराला साधारण १५० फुलं, १ किलोला दीड लाख. उदार होऊन कंदामागे सरासरी २ फुलं धरली तरी ७५ हजार कंद. प्रत्येकी १५ ग्रॅम म्हणजे ११२५ किलो बेणं. आता जागा. १५ ग्रॅमचा कंद साधारण ३ सेंटिमीटर रुंद. एकाला एक चिकटून उभे केले तर चौरस मीटरला हजारेक बसतील. ७५ हजार कंदांना ७५ चौरस मीटर ट्रे हवेत. तुमची खोली सव्वानऊ चौरस मीटरची. माणसाला फिरायला वाट सोडली की निम्मी उरते. पाच मजली रॅक लावले तर फार तर २३ चौरस मीटर ट्रे, २३ हजार कंद, ४६ हजार फुलं. सगळं सुरळीत गेलं, एकही कंद सडला नाही, तर ३०० ग्रॅम केशर. सरासरी एकच फूल आलं, आणि मिसळ वजनाच्या बेण्यात तसं सहज होतं, तर १५०.

१ किलोचा हट्टच असेल तर बेण्याचा भाव किलोला ५०० रुपये धरून पाहा, ११२५ किलोचे ५ लाख ६२ हजार होतात. केशर विकून यायचे ते ५ लाख. रॅक, एसी, इन्सुलेशन, वीज आणि मजुरी अजून धरलेलीच नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "पण कंद तर एकदाच घ्यायचे, ते दरवर्षी दुप्पट होतात." सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून ते नीट पाहू.

केशराचं झाड वांझ असतं. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही. वाढ फक्त कंदातून. (म्हणूनच कोणी 'केशराचं बी' किंवा 'अमेरिकन केशर' विकायला आला तर तो करडई विकतोय हे समजावं. ज्या महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या करडईचं तेल खाल्लं तिथेही हा माल खपतो.) फूल येऊन गेल्यावर जुना कंद हळूहळू आकसतो आणि संपतो. त्याच्या डोक्यावर नवे कंद, म्हणजे पिल्लं, धरतात. तेव्हा कंद 'टिकतो' हेच मुळात खरं नाही. दरवर्षी जुना जातो आणि नवा घडवावा लागतो. संख्या वाढते हे खरं. पण एका १५ ग्रॅमच्या कंदाची तीन पिल्लं झाली आणि प्रत्येक ४ ग्रॅमचं भरलं, तर संख्या तिप्पट, वजन कमी आणि पुढच्या हंगामात फुलं शून्य. 'दुप्पट' म्हणणारे मोजून दाखवतात, तोलून दाखवत नाहीत.

पिल्लाचं वजन भरतं ते फुलानंतर, नोव्हेंबर ते एप्रिल. या काळात गवतासारखी पानं वाढतात, मुळं फुटतात, आणि तेव्हा पाणी, अन्न, थंडी आणि भरपूर प्रकाश हे सगळं लागतं. रीलमध्ये ज्याला 'नको' म्हटलं ते सगळं आता हवं असतं. रॅकमधल्या शोभेच्या दिव्यांखाली पानं लांबुडकी, फिकट होऊन लोळतात. फुलोऱ्यात एकाला एक चिकटून उभे केलेले कंद आता वेगळे करून माती किंवा कोकोपीटमध्ये अंतर ठेवून लावायला हवेत, म्हणजे जागाही कित्येक पट. हायड्रोपोनिकचा खरा प्रश्न आला तर तो इथे येतो, आणि इथे त्याचा खर्च फुलोऱ्याच्या खोलीपेक्षा मोठा असतो.

"काश्मीरमधले लोकसुद्धा आता खोलीतच करतात ना?" करतात. ऑगस्टमध्ये कंद ट्रेमध्ये आत आणतात, नोव्हेंबरपर्यंत फुलं खुडतात आणि मग तेच कंद परत शेतात लावतात. अलीकडे तिथे पावसाचा भरवसा उरलेला नाही, ऐन वेळी जमीन कोरडी राहते किंवा फुलावर पाऊस येतो, म्हणून फुलोऱ्यापुरता आडोसा. त्यांच्या खोलीच्या दाराबाहेर करेव्याची जमीन आहे, बर्फाचा हिवाळा आहे आणि मे महिन्यापर्यंत रेंगाळणारा वसंत आहे. पुण्यात फेब्रुवारी संपता संपता दुपारी पारा ३० च्या पुढे जातो. त्या उन्हात पानं लवकर पिवळी पडतात आणि पिल्लं लहानच राहतात. त्यांच्या पद्धतीचा अर्धा भाग उचलून आपण त्याला पूर्ण शेती म्हणतो आहोत.

"रोज अर्धा तास." फुलोरा साधारण तीन आठवडे चालतो आणि त्यातही मधले काही दिवस फुलांचा पूर येतो. फूल उमललं की त्याच दिवशी खुडायचं, त्याच दिवशी काड्या वेगळ्या करायच्या, कारण कोमेजलेल्या फुलातून त्या नीट सुटत नाहीत. एका फुलाला ६ सेकंद धरले तर ४६ हजार फुलांना ७६ तास, आणि ही फक्त सोलणी. मग वाळवण. ओल्या काड्यांचं वजन एक पंचमांशावर येतं. कमी वाळवलं तर बुरशी, जास्त तापवलं तर रंग जातो. केशराचा जो वास आपण ओळखतो तो ताज्या फुलात फारसा नसतो, वाळवताना काड्यांतल्या कडू द्रव्यापासून तो तयार होतो. त्यामुळे हे काम मोलकरणीवर टाकून ऑफिसला जाण्यासारखं नाही.

"किलोला ५ लाख" हा भाव सहसा एकेक ग्रॅमच्या डबीचा असतो. व्यापारी घाऊक घेताना आयएसओ ३६३२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे रंग, चव, वास आणि ओलावा यांची तपासणी मागतो, आणि त्याच्याकडे इराणचा माल पडलेला असतो, जगातलं सुमारे ९० टक्के केशर तिथलं. डबी करून विकायची तर अन्न परवाना हवा. शिवाय २०२० पासून काश्मिरी केशराला भौगोलिक मानांकन आहे. बेणं पांपोरचं असलं तरी हडपसरच्या खोलीत फुललेल्या केशरावर 'काश्मिरी' लिहिता येत नाही.

मग या धंद्यात पैसा कोणाला मिळतो? बेणं, रॅक आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण विकणाऱ्याला. त्याचं गिऱ्हाईक केशर खाणारं नाहीच, केशर पिकवू पाहणारं आहे. "तुमचं केशर आम्हीच विकत घेऊ, कंदही परत घेऊ" असा करार पुढे आला तर ईमू पक्षी पाळण्याच्या योजना आठवाव्यात, आणि २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबड्यांचं जे झालं तेही आठवावं. तिथेही पक्षी खरेच होते, अंडीही खरी होती. परत घेणारा तेवढा उरला नाही.

तरीही कोणाला हौस असेल तर पाच-दहा किलो बेणं घ्या, प्रत्येक कंद तोलून घ्या, घरापुरती फुलं येतील आणि खिरीत घालायला केशरही मिळेल. मोठा पैसा घालायचा असेल तर मात्र विकणाऱ्याच्या खोलीत ऑक्टोबरमध्ये जाऊ नका. फेब्रुवारीत जा, पानं कुठे आहेत ते विचारा. पुन्हा जूनमध्ये जाऊन त्याच्या स्वतःच्या खोलीत तयार झालेली पिल्लं काट्यावर टाकायला सांगा, आणि १० ग्रॅमच्या वरची किती निघतात ते बघा.